तांबं आधी उतरवा : धातुकाचेच्या एका चकतीचं प्रकरण

चकती जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाची. राळेत बसवलेली, मागून तार जोडलेली, पुढून आरशासारखी घासलेली. तिला ३७ अंश सेल्सिअसच्या खारट द्रावणात बुडवून पोटेन्शिओस्टॅटवर, म्हणजे विभव (व्होल्टेज) हवं तसं धरून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, विभव हळूहळू चढवत नेलं. पडद्यावरची रेघ बराच वेळ सरळ वर चढत राहिली. मग एकाएकी ती उजवीकडे वळली आणि वळलेलीच राहिली. याचा अर्थ प्रवाह भसाभस वाढत होता आणि धातू विरघळत होता. चकती बाहेर काढून धुतली, भिंगाखाली धरली, तर त्या आरशावर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असा एक काळा ठिपका होता.

हे प्रकरण त्या ठिपक्याचं आहे. तो का पडला, तो पडू नये म्हणून पृष्ठभागावर काय काय करता येतं, त्यातलं आम्ही काय निवडलं आणि त्यानंतरही कोणता प्रश्न उरला, हे मी जरा सविस्तर लिहितो. या विषयावर मराठीत फारसं लिहिलं जात नाही. शिवाय हाडात बसणाऱ्या धातूंचा विषय कोणाच्या ना कोणाच्या घरात आलेला असतोच.

चकती कशाची होती

ज्या दांड्यातून चकती कापली तो झर्कोनियमवर आधारलेल्या धातुकाचेचा, म्हणजे मेटॅलिक ग्लासचा होता. अणूंच्या हिशेबात झर्कोनियम ५५ टक्के, तांबं ३०, ॲल्युमिनियम १० आणि निकेल ५. जपानमध्ये सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झर्कोनियमच्या ज्या धातुकाचा नावारूपाला आणल्या, त्या कुळातली ही. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, त्यामुळे शरीरात कायमचं ठेवायच्या वस्तूसाठी हे मिश्रण मी निवडणार नाही. अभ्यासासाठी निवडलं ते एवढ्याचसाठी, की जगभरच्या प्रयोगशाळांनी ते तपासलेलं आहे आणि आपलं निरीक्षण ताडून पाहायला आधार मिळतो.

धातुकाच म्हणजे काय, तर वितळलेल्या धातूला स्फटिक बनवायला उसंत न देता गोठवणं. खिडकीच्या काचेत जशी अणूंची ठरावीक रांग नसते, तशी इथेही नसते. १९६० साली अमेरिकेत कॅलटेकमध्ये पोल ड्युवेझ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सोनं ७५ आणि सिलिकॉन २५ अशा मिश्रणातून हे पहिल्यांदा साधलं. त्यासाठी सेकंदाला सुमारे १० लाख अंश या वेगाने थंड करावं लागलं, त्यामुळे हाती आला तो नुसता पातळ पापुद्रा. पुढे अनेक आकारांचे अणू एकत्र मिसळून त्यांची अडगळ करून ठेवली, की ते रांगेत बसायला वेळ घेतात, हे लक्षात आलं. मग हा वेग सेकंदाला काही अंशांवर उतरला आणि तांब्याच्या साच्यात ओतून बोटाएवढे दांडे निघू लागले. १९९३ साली कॅलटेकच्याच पेकर आणि जॉन्सन यांनी झर्कोनियमचं जे प्रसिद्ध मिश्रण मांडलं त्यात बेरिलियम होतं. ताकदीला उत्तम, पण बेरिलियम विषारी, म्हणून वैद्यकीय कामासाठी ते बाजूला ठेवलेलं बरं.

हाडाच्या डॉक्टरांना या धातूचं आकर्षण का वाटावं? स्टेनलेस स्टीलची ताठरता २०० गिगापास्कलच्या आसपास, नेहमीच्या टायटेनियम मिश्रधातूची ११० च्या आसपास, आणि हाडाच्या घट्ट भागाची १० ते ३०. ताठ धातूने भार स्वतःच उचलला की हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. झर्कोनियमच्या धातुकाचेची ताठरता ८० ते ९० च्या घरात असते आणि ताकद मात्र १,७०० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे त्या टायटेनियमच्या जवळजवळ दुप्पट. २ टक्क्यांपर्यंत ताणली तरी सोडल्यावर मूळ आकारात येते. बारीक आणि भक्कम स्क्रूला याहून काय हवं?

हवा असतो तो गंजरोध, आणि आमची चकती तिथेच अडली.

उसनी कीर्ती

धातुकाच गंजत नाही, असा एक समज पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सगळीकडे आहे. कारणही पटण्यासारखं दिलं जातं. साध्या धातूत स्फटिकांच्या सीमा असतात, दोष असतात, वेगवेगळ्या घडणीचे कण असतात, आणि गंज तिथून शिरतो. काचेत सीमाच नाहीत, मग शिरणार कुठून?

या समजाचं मूळ सेंदाईतच आहे. १९७४ साली नाका, हाशिमोतो आणि मासुमोतो यांनी लोखंड, क्रोमियम, फॉस्फरस आणि कार्बन यांची धातुकाच मिठाच्या आणि आम्लाच्या द्रावणात तपासली, आणि ती स्टेनलेस स्टीललाही मागे टाकते असं दिसलं. निष्कर्ष खराच होता. पण त्यात काचपणाइतकाच हात क्रोमियमचा आणि फॉस्फरसचा होता. काचेची एकजिनसी घडण क्रोमियमला पृष्ठभागावर सगळीकडे सारखं पसरू देते, आणि मग क्रोमियम आपलं संरक्षणाचं काम करतं. आमच्या चकतीत क्रोमियम नाही. तिच्यात ३० टक्के तांबं आहे. लोखंड-क्रोमियमच्या काचेची कीर्ती झर्कोनियम-तांब्याच्या काचेला लावणं म्हणजे थोरल्या भावाचं प्रगतिपुस्तक धाकट्याच्या नावावर दाखवणं. १९९८ मध्ये श्रोडर, गिल्बर्ट आणि रिची यांनी बेरिलियमवाल्या मिश्रणाचं काचरूप आणि स्फटिकरूप मिठाच्या पाण्यात तपासून पाहिलं. काचरूपातही खड्डे पडले.

पहिली चूक काठाची होती

सुरुवातीचा जवळजवळ एक आठवडा आम्ही वाया घालवला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा छोट्या नमुन्यांवर काम करणाऱ्या कोणाच्याही हातून हे होऊ शकतं.

चाचणी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ २१२९ या प्रमाणित पद्धतीने करायची ठरली होती. फॉस्फेट बफर सलाईन, म्हणजे पीएच स्थिर राखणारं खारट द्रावण, ३७ अंश, नायट्रोजन सोडून द्रावणातला प्राणवायू हाकललेला, नमुना बुडवून एक तास नुसता शांत ठेवायचा, आणि मग विभव चढवत न्यायचं आणि परत उतरवायचं. उतरताना रेघ लवकर मूळ जागी आली तर जखम भरली. मोठा फेरा घेऊन खालून आली, तर एकदा पडलेला खड्डा मिटत नाही असं समजायचं.

पहिल्या चकत्यांचे आकडे एकमेकांशी काही केल्या जुळेनात. एक लवकर फुटे, दुसरी उशिरा, तिसरी त्याहून लवकर. मी राळ बदलली, द्रावण नव्याने केलं, संदर्भ इलेक्ट्रोड तपासून घेतला. शेवटी माझी विद्यार्थिनी सगळ्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने मांडून बसली आणि म्हणाली, "सर, खड्डे मधे नाहीतच. सगळे काठाला आहेत."

तिचं बरोबर होतं. राळ वाळताना किंचित आकसते आणि चकतीच्या कडेला केसाहून बारीक फट राहते. त्या फटीत द्रावण शिरतं, तिथला क्लोराईड आणि आम्लपणा बाहेरच्यापेक्षा वाढतो, आणि गंज तिथून सुरू होतो. म्हणजे आम्ही धातूचा गंजरोध मोजतच नव्हतो. आम्ही आमची फट मोजत होतो. यावर उपाय जुनाच आहे. दांडा राळेत बसवण्याआधी त्याच्या बाजू नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून निष्क्रिय करून घ्यायच्या, म्हणजे त्यांच्यावर ऑक्साईडचा संरक्षक थर धरू द्यायचा, मग बसवायचा आणि फक्त समोरचा चेहरा नव्याने घासायचा. स्टेनलेस स्टीलची चाचणी करणारे लोक वर्षानुवर्षं हेच करतात.

आम्ही तसं केलं आणि काठाचे खड्डे थांबले. आता खड्डे पडत होते ते मधे, ताज्या घासलेल्या चेहऱ्यावर. तेव्हा तीच म्हणाली, "बाजूला फट असूनही गंज नाही, आणि मधे फट नसूनही आहे. मग ॲसिड चेहऱ्यालाच का लावत नाही आपण?" या प्रकरणाची पुढची दिशा या प्रश्नाने ठरवली. पण ॲसिड नेमकं काय करतं हे समजायला आधी खड्ड्याच्या आत उतरावं लागतं.

खड्ड्याच्या आत

हवेत उघड्या पडलेल्या या काचेवर आपोआप ऑक्साईडची साय धरते. जाडी काही नॅनोमीटर. त्या सायीत झर्कोनियम आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साईड असतात, कारण ऑक्सिजनशी त्यांची सोयरीक सगळ्यात घट्ट. तांब्याला आणि निकेलला ऑक्सिजनची तेवढी ओढ नाही. त्यामुळे साय धरताना ते मागे ढकलले जातात आणि सायीच्या अगदी खाली, धातूच्याच रूपात, दाटी करून राहतात. वरून पारदर्शक साय आणि तिच्याखाली तांब्याचा साठा, अशी ही रचना.

सलाईनमधला क्लोराईड सायीचा दुबळा ठिकाणा शोधतो. तिथे साय फाटली की उघडा धातू विरघळायला लागतो. धातूची विरघळण्याची ओढ प्रमाणित विभवाने मोजतात, तो जितका उणा तितकी ओढ जास्त. झर्कोनियमचा तो उणे दीड व्होल्टच्या आसपास आणि तांब्याचा अधिक ०.३४. दोघांत १.८ व्होल्टहून जास्त अंतर. एकाच ओल्या भोकात दोघे शेजारी आले की झर्कोनियम विरघळतं आणि तांबं तसंच मागे राहतं, बारीक काळपट भुकटी होऊन. त्या भुकटीमुळे शेजारच्या झर्कोनियमचं विरघळणं आणखी वाढतं. विरघळलेलं झर्कोनियम पाण्याशी क्रिया करून आम्ल सोडतं, खड्डा आंबट होतो, विद्युतभाराचा तोल राखायला बाहेरून आणखी क्लोराईड आत ओढला जातो, आणि आंबट खारटात नवी साय धरू शकत नाही. तोंड लहान आणि आत गुहा, असा खड्डा तयार होतो. आमच्या चकतीवरचा काळा ठिपका म्हणजे त्या गुहेच्या तोंडाशी साचलेली तांब्याची काजळी होती. झर्कोनियम-तांब्याच्या काचांमधल्या खड्ड्यांत तांब्याने भरलेला असा अवशेष अनेक संशोधकांना सापडलेला आहे.

शरीरात याचे दोन परिणाम. एक, तांब्याचे आयन पेशींच्या अंगावर येतात, आणि ठरावीक मात्रेपलीकडे तांबं पेशींना मारतं. दुसरा, खड्डा म्हणजे तडा जायला तयार जागा. रोज हजारो पावलांचा भार घेणाऱ्या स्क्रूवर एवढासा खड्डाही महागात पडतो, कारण काचेत तड्याला अडवायला स्फटिकांच्या सीमा नसतात. शस्त्रक्रियेनंतर जखमेभोवतीचा पीएच ७.४ वरून काही काळ खाली येतो, दाहाच्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साईड सोडतात. म्हणजे स्क्रूला पहिले काही दिवस आमच्या सलाईनपेक्षा वाईट जातात.

खड्डा पहिल्यांदा नेमका कुठे पडतो, याचं एक उत्तर ड्रेस्डेनहून आलं आहे. तिथल्या लायब्निट्झ संस्थेत ॲनेट गेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून याच मिश्रणाचा पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की काचेत चुकून राहिलेले स्फटिकाचे बारीक कण हे खड्ड्यांचे आवडते ठिकाण. हे कण येतात ऑक्सिजनमुळे. कच्च्या झर्कोनियममध्ये ऑक्सिजन असला किंवा वितळवताना आर्गॉनमध्ये हवेचा अंश राहिला, की साच्यात ओतताना ठिकठिकाणी स्फटिकाची बीजं धरतात. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात त्या वेळी असलेले यू. कामाची मुदली यांनीही गेबर्ट यांच्या गटाबरोबर झर्कोनियमच्या काचांमधल्या खड्ड्यांवर काम केलं आहे. नायट्रिक ॲसिड आणि झर्कोनियम हा अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत रोजचा विषय असल्याने कल्पक्कमचं नाव इथे येणं साहजिकच आहे.

तापवायची वाट बंद का

झर्कोनियमचा ऑक्साईड म्हणजे भरवशाचा गडी. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या गोळ्या ठेवायला झर्कोनियमच्या मिश्रधातूच्याच नळ्या वापरल्या. हाडांच्या बाबतीत तर थेट उदाहरण आहे. स्मिथ अँड नेफ्यू कंपनीचं ऑक्सिनियम. झर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम घालून तो सांधा हवेत सुमारे ५०० अंशांना तापवतात आणि पृष्ठभागावर सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा काळा, गुळगुळीत सिरॅमिकचा थर तयार होतो. १९९७ पासून गुडघ्याच्या सांध्यात तो वापरात आहे. मग आपली चकतीही भट्टीत घालून हेच का करू नये?

दोन कारणं. आमची काच ४१० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि ५०० च्या आधी-मागे स्फटिक होते. ऑक्सिनियमला लागणारं तापमान तासभर दिलं तर काच काच राहणारच नाही, ठिसूळ स्फटिकांचा गोळा होईल. बरं, खालच्या तापमानाला जास्त वेळ ठेवू म्हटलं, तर दुसरी अडचण उभी राहते. तापलं की झर्कोनियम ऑक्सिजन घेतं आणि बाहेर ढकललेलं तांबं वर सरकतं. तांबं असलेल्या झर्कोनियम काचा हवेत तापवल्या की पृष्ठभागावर तांब्याचा ऑक्साईड फुलून येतो हे नोंदवलेलं आहे. ज्याला आपल्याला शरीरापासून दूर ठेवायचं आहे, त्यालाच आपण दारात आणून बसवतो.

वरून दुसऱ्या धातूचा किंवा नायट्राईडचा पातळ थर चढवण्याचा पर्यायही आम्ही पाहिला. थर छान बसतो, दिसतो छान. पण त्यात एक जरी सूचिछिद्र राहिलं, तर सगळा गंज त्या एका छिद्रात एकवटतो. स्क्रूच्या आट्यांच्या खोबणीत एकही छिद्र नाही याची खात्री कोणी द्यायची? मी हा पर्याय फार न रेंगाळता सोडला.

कल्हईवाल्याचं शहाणपण

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत असे. आंबटाने तांबं सुटतं. त्यावर उपाय कल्हई. लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला भाता मांडून बसायचा तेव्हा मी तासन् तास तिथून हलत नसे. लक्षात राहिली ती कथलाची चकाकी. पण आता आठवून बघतो, तर त्याचा बराचसा वेळ कथील लावण्याआधीच जायचा. भांडं वाळूने खसाखसा घासायचं, निखाऱ्यावर तापवायचं, त्यात नवसागर टाकायचा. पांढरा धूर व्हायचा आणि भांड्याचा तळ एकदम स्वच्छ, गुलाबी दिसायचा. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती तांब्यावरचा ऑक्साईड खाऊन टाकते. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. नवसागर न टाकता फासलेलं कथील धरत नाही, पापुद्र्यासारखं निघून येतं.

आमच्या चकतीचं उत्तर याच क्रमात होतं. काही चढवण्याआधी, जे नको ते उतरवायचं.

नायट्रिक ॲसिड ते काम नेमकेपणाने करतं, कारण त्याला झर्कोनियमचं काही करता येत नाही आणि तांबं मात्र त्यात सहज विरघळतं. निकेलही विरघळतं. चकतीच्या वरच्या काही नॅनोमीटरमधलं तांबं ते काढून नेतं, आणि मागे राहिलेल्या झर्कोनियम-ॲल्युमिनियमला ऑक्साईडची दाट साय धरायला मदत करतं, कारण ते स्वतः ऑक्सिडीकारक आहे. एकाच बुडीत दोन्ही कामं. टायटेनियम-तांब्याच्या काचांवरही नायट्रिक ॲसिडच्या अशाच प्रक्रियेने तांबं कमी आणि टायटेनियम जास्त असलेला थर मिळवता येतो, आणि ड्रेस्डेनच्या गटाने त्या बाजूने बरंच काम केलं आहे.

प्रमाण आम्ही नव्याने शोधलं नाही. शल्यवस्तूंच्या पृष्ठभागासाठी एएसटीएम एफ ८६ मध्ये दिलेलीच पट्टी घेतली: घनफळाने २० ते ४५ टक्के नायट्रिक ॲसिड, खोलीच्या तापमानाला किमान ३० मिनिटं. चकती आत असताना बघायला काहीच नसतं. बुडबुडा नाही, रंग नाही. तीस मिनिटांनी बाहेर काढली तरी आरसा तसाच. डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्याला वाटेल काही झालंच नाही. फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटमापनासारखं, वरचे काही नॅनोमीटरच पाहणारं तंत्र लावलं तरच तांब्याची उतरलेली रेघ दिसते.

इथे हाताखाली काम करणाऱ्यांना दोन गोष्टी मी दरवेळी बजावतो. ॲसिटोनने किंवा अल्कोहोलने पुसलेली चकती पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय नायट्रिकमध्ये टाकायची नाही, त्यांची क्रिया भडकू शकते. आणि झर्कोनियमच्या कारखान्यात नायट्रिकमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड मिसळून धातू साफ करतात, ते पाहून कोणी इथे तसं करायला जाऊ नये. हायड्रोफ्लोरिक झर्कोनियमलाच विरघळवतं, मग जपायचं काय? शिवाय ते हाताच्या कातडीतून आत जातं आणि त्याच्याशी खेळणं परवडत नाही.

ॲसिडमधून काढलेल्या चकत्या पुन्हा सलाईनमध्ये गेल्या तेव्हा रेघ वळण्याआधी वर बरीच चढली. सगळ्यांची मात्र नाही. एका दांड्याच्या चकत्या जवळपास जुन्याच जागी फुटल्या. तो दांडा कापून, घासून पाहिला तर त्याच्या मध्यभागी स्फटिकाचे नक्षीदार कण विखुरलेले. ॲसिडने त्यांच्यावर उपाय होत नाही, कारण ते अंगभर आहेत, वरचे घासले तर खालचे वर येतात. त्याचा उपाय भट्टीपाशी आहे: कमी ऑक्सिजनचं झर्कोनियम घेणं, आणि आर्गॉनच्या भट्टीत मूळ धातूच्या आधी टायटेनियमची गोळी वितळवून उरलेला ऑक्सिजन तिला खाऊ घालणं. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक दांड्याची एक चकती आधी स्फटिकासाठी तपासतो आणि मगच ॲसिडची बाटली उघडतो.

मग चढवायचं ते

तांबं उतरल्यावर ॲनोडायझिंगचा विचार करता येतो. सौम्य आम्लात चकतीला धन टोक जोडून विभव वाढवलं की झर्कोनियमचा ऑक्साईड दर व्होल्टला साधारण २ ते ३ नॅनोमीटर जाड होत जातो. काही दहा व्होल्टांत चकतीवर रंग चढतो, आधी सोनेरी, मग निळसर. हा रंग थराच्या जाडीमुळे दिसतो, त्यात कोणतंही रंगद्रव्य नाही. त्याचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. रंग सगळीकडे सारखा असेल तर थर सारखा. जिथे रंगात ठिपका किंवा डाग, तिथे खाली काहीतरी वेगळं आहे. यंत्राशिवाय, खिडकीच्या उजेडात चकती तिरपी धरून तपासणी होते.

क्रम उलटा केला, म्हणजे तांबं न उतरवता थेट ॲनोडायझिंग केलं, तर तांबं त्या थरात अडकतं आणि थर वीज गळू देतो. मग दिलेला प्रवाह थर वाढवण्याऐवजी ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात खर्च होतो. २०२४ क्रमांकाच्या तांबंमिश्रित ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग करणाऱ्या कारखान्यांत ही डोकेदुखी चांगली परिचयाची आहे.

शेकडो व्होल्टांवर ठिणग्या उडवत जाड सच्छिद्र थर चढवण्याची प्लाझ्मा पद्धतही आहे. हाडाच्या पेशींना खडबडीत पृष्ठभाग आवडतो, म्हणून तिचं आकर्षण खरं आहे. पण छिद्रांतून सलाईन खाली पोचतंच. त्यामुळे तीही आधी तांबं उतरवल्यावरच.

ओरखडा

इतकं करून झाल्यावर एक शस्त्रक्रियातज्ज्ञ प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी निळसर चकती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि विचारलं, "हा स्क्रू मी हाडात पिळून बसवणार. स्क्रूड्रायव्हर त्याच्या डोक्यात रुतणार, आटे हाडावर घासणार, प्लेटच्या भोकात तो कडेला खरडणार. तेव्हा तुमची ही काही नॅनोमीटरची साय कुठे राहील?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. ॲसिडने तांबं उतरतं ते काही नॅनोमीटरपर्यंत. ॲनोडायझिंगचा थर फार तर शंभर-दोनशे नॅनोमीटर. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा मायक्रोमीटरमध्ये मोजायचा. ओरखड्याच्या तळाशी पुन्हा तीच मूळ काच, तेच ३० टक्के तांबं, आणि भोवती खारं, उबदार रक्त. टायटेनियमवरही ओरखडा पडतो, पण ओरखड्याच्या तळाशी टायटेनियमच असतं आणि ते क्षणार्धात नवी साय धरतं. आमच्या काचेत खाली काय आहे, ते आपण खड्ड्यात पाहिलंच.

त्यानंतर आम्ही चाचणी बदलली. आता चकती सलाईनमध्ये बुडलेली असतानाच, शरीरात अपेक्षित असलेल्या विभवावर धरून, हिऱ्याच्या टोकाने तिच्यावर एक ओरखडा ओढतो आणि प्रवाह पाहत बसतो. टोक टेकताच प्रवाहाचा सुळका उठतो. उघड्या झर्कोनियमने साय धरली, तर तो सुळका झपाट्याने खाली येतो आणि जुन्या पातळीला चिकटतो. खाली येता येता मधेच अडखळला, किंवा पुन्हा वर निघाला, तर ओरखड्यात कुठेतरी गुहा सुरू झाली असं समजायचं.

या चाचणीवरून माझं मत असं झालं आहे. शस्त्रक्रियेची हत्यारं, जी शरीरात काही मिनिटं राहतात आणि दरवेळी पुन्हा साफ करून निष्क्रिय करता येतात, त्यांच्यासाठी नायट्रिकची बुडी आणि त्यावर ॲनोडायझिंग पुरेसं आहे. वर्षानुवर्षं भार घेणाऱ्या स्क्रूसाठी मी या मिश्रणावर सही करणार नाही, पृष्ठभाग कितीही सुंदर केला तरी. त्यासाठी काचच बदलावी लागेल: निकेल पूर्ण काढून, तांबं कमी करून, थोडं नायोबियम घालून. नायोबियमने या काचांची खड्ड्यांना तोंड देण्याची ताकद वाढते, हे तपासलेलं आहे. अडचण अशी की तांबं कमी केलं की काच बनणंच अवघड होतं, दांडे बारीक निघतात. सध्या आमच्या टेबलावर तसा एक दांडा आहे, आधीच्याहून बारीक. त्याची पहिली चकती कालच कापली. स्फटिकाचा कण दिसला नाही. उद्या ॲसिडमध्ये जाईल आणि परवा तिच्यावर ओरखडा ओढू.